अनंत म्हणजे सर्व नव्हे : गणितातील एका संकल्पनेविषयी साहित्याभ्यासकाचे टिपण

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थी अंतर्गत परीक्षेतील आपली उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. एका कवितेचे विवरण करताना त्याने लावलेला अर्थ मला संहितेशी सर्वस्वी विसंगत वाटला होता आणि मी त्याचे गुण कापले होते. गुणांविषयी त्याची तक्रार नव्हती. त्याचा प्रश्न निराळा होता. ‘सर, साहित्यकृतीचे अर्थ अनंत असतात असं तुम्हीच मागच्या सत्रात शिकवलंत. मग माझा अर्थ त्या अनंतात येत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?’ मी त्याला संदर्भ, परंपरा, सुजाण वाचक अशा नेहमीच्या वाटांनी फिरवून आणले. तो नम्रपणे ऐकून निघून गेला. आपण त्याला उत्तर दिलेले नाही हे मला त्याच वेळी कळत होते. उत्तर का देता आले नाही, हे मात्र हळूहळू लक्षात आले. ‘अनंत’ हा शब्द मी वर्गात वापरला होता तो एखाद्या गौरवपर विशेषणासारखा. त्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

आपल्या समीक्षेत हा शब्द गेली काही दशके फार सैलपणे वावरतो आहे. अर्थाची अनंत क्रीडा, अर्थनिर्णयनाच्या अनंत शक्यता, चिन्हांची अनंत शृंखला हे शब्दप्रयोग इतके सरावाचे झाले आहेत की त्यांचा अर्थ कोणी कोणाला विचारत नाही. वस्तुतः हा शब्द व्याकरणदृष्ट्या एक नकार आहे. ज्याला अंत नाही तो अनंत. म्हणजे काय नाही एवढेच तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. त्याला तर-तमभाव सोसत नाही. ‘अधिक अनंत’ हे ‘अधिक मृत’ म्हणण्यासारखे कानाला खटकते. व्यवहारात आपण या नकाराला केव्हाच घरात घेतले आहे, ही गोष्ट वेगळी. अनंत हे मुलाचे नाव आहे, परसातल्या पांढऱ्या सुवासिक फुलाचे नाव आहे, आणि भाद्रपदातल्या चतुर्दशीला पूजेनंतर दंडावर बांधतात त्या दोऱ्याचेही नाव आहे. त्या दोऱ्याला चौदा गाठी असतात. अनंताला चौदा गाठींत बांधणाऱ्या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. अंत असलेल्या माणसाला अंत नसलेल्याशी व्यवहार करायचा तर काहीतरी मोजके, हातात धरता येण्याजोगे लागते, ही जाण त्या गाठींत आहे. गणितानेही निराळे काही केलेले नाही, असे मला पुढे म्हणायचे आहे.

प्रश्न असा आहे : जे मोजून संपत नाही, ज्याचा समग्र अनुभव कोणालाही येणे शक्य नाही, त्याविषयी गणित करते ती विधाने सार्थ असतात काय? की चिन्हांच्या एका नियमबद्ध खेळाला आपण भारदस्त नाव दिले आहे? सार्थतेच्या कसोट्या अनेक असू शकतील. मला येथे पुरेशी वाटणारी कसोटी एकच, आणि ती म्हणजे संकल्पना आपल्याला नकार देऊ शकते काय ही. रूपक सहसा नकार देत नाही. चांगले रूपकही कुठेतरी अडते हे खरे, पण अडले तर कवी ते सोडून दुसरे घेतो. त्याला कोणी जाब विचारत नाही. संकल्पना एकदा पत्करली की ती आपल्या इच्छेविरुद्धही निष्कर्ष काढायला भाग पाडते. या अर्थाने गणितातील अनंत ही संकल्पना आहे की रूपक, एवढाच माझा प्रश्न आहे.

ॲरिस्टॉटलने ‘भौतिकी’च्या तिसऱ्या ग्रंथभागात दिलेले उत्तर दोन हजार वर्षे प्रमाण मानले गेले. अनंत हे शक्यतेच्या रूपात असते, सिद्ध वस्तूच्या रूपात नसते, हे ते उत्तर. रेषा कितीही वेळा दुभागता येते, संख्या कितीही वाढवता येते. परंतु सारे भाग पाडून झाले आहेत अशी अवस्था कधी येत नाही. गाउससारख्या गणितज्ञानेही १८३१ साली एका पत्रात पूर्णावस्थेला गेलेल्या अनंताला गणितात थारा नाही, अनंत ही केवळ बोलण्याची एक रीत आहे, असे बजावले होते. ॲरिस्टॉटलचा हा भेद पुष्कळ उद्धृत होतो. त्याच विवेचनातील दुसरा एक विचार तितका उद्धृत होत नाही. मला तो अधिक मोलाचा वाटतो. ज्याच्या बाहेर काहीच नाही ते अनंत, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्याच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे : ज्याच्या बाहेर नेहमीच काहीतरी उरते ते अनंत. ज्याच्या बाहेर काही उरत नाही ते पूर्ण, ते समग्र. माझ्या विद्यार्थ्याने आणि मी मिळून ज्या दोन गोष्टींची सरमिसळ केली होती त्या येथे इतक्या आधी वेगळ्या करून ठेवलेल्या आहेत.

आपल्या परंपरेत या दोन गोष्टींची जवळीक अधिक आहे. पूर्णातून पूर्ण काढून घेतले तरी पूर्णच उरते, हा बृहदारण्यकातील प्रसिद्ध मंत्राचा आशय संख्याशास्त्राच्या अंगाने वाचण्याचा मोह अनेकांना झाला आहे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले, आणि तिच्यात काहीही मिळवले वा तिच्यातून काहीही काढले तरी फरक पडत नाही हे सांगताना दृष्टान्त दिला तो प्रलयकाळी आणि सृष्टीच्या वेळी भूतगण आत शिरले वा बाहेर पडले तरी अविकारी राहणाऱ्या अच्युताचा, अनंताचा. दृष्टान्त सुंदर आहे. पण त्यातला खहर कशालाच नकार देत नाही, सारे गिळून तो तसाच राहतो. तीन भागिले शून्य आणि पाच भागिले शून्य हे दोन्ही एकच असतील, आणि शून्याने गुणून मूळ संख्या परत मिळत असेल, तर तीन आणि पाच एकच ठरतील. गंमत अशी की गणित करताना भास्कराचार्य या दृष्टान्तावर विसंबत नाहीत. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले आणि शून्याने भागले तर ६३ येतात; ती संख्या कोणती? उत्तर १४. पुढे आणखी क्रिया करायची असेल तर शून्याला तत्काळ गुणून न टाकता गुणक म्हणून राखून ठेवावे, हा नियम ते येथे वापरतात. गणिताचा श्वास या रुक्ष नियमात आहे, कारण काय करू नये हे तो सांगतो.

(चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा लेख परिचित आहे तो त्यातील अखेरच्या मराठी मजकुरामुळे. तो मजकूर मठाला दिलेल्या करांच्या वाट्याचा आहे. म्हणजे मोजता येणाऱ्या वस्तूंचा. अनंताची चर्चा संस्कृतात आणि हिशेब मराठीत, ही विभागणी पुढेही बराच काळ टिकली.)

जैनांच्या अनुयोगद्वारसूत्रात संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे वर्ग व त्यांचे पोटभेद आहेत, म्हणजे एकाहून एक मोठी अनंते कल्पिण्याचे धाडस आपल्याकडे झालेले होते. त्यावरून ‘कँटर आमच्याकडे आधीच होता’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांची मात्र मला भीती वाटते. नाव देणे आणि सिद्ध करणे यांतले अंतर त्या आरोळीत नाहीसे होते.

ते अंतर किती मोठे आहे हे गॅलिलिओच्या उदाहरणावरून दिसते. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात त्याने दाखवले की प्रत्येक संख्येला तिचा वर्ग आणि प्रत्येक वर्गाला त्याचे मूळ अशी जोडी लावता येते. मग वर्गसंख्या सर्व संख्यांइतक्याच झाल्या. पण वर्ग नसलेल्या संख्याही असंख्य आहेत, म्हणजे वर्ग कमी असले पाहिजेत. यावरून त्याने निष्कर्ष काढला की समान, अधिक, न्यून हे शब्द अनंताच्या ठायी लागूच पडत नाहीत. हा निष्कर्ष सावध आहे, विनयशील आहे, आणि तेथे विचार थांबतो. साहित्यसमीक्षेत आपण ‘अनिर्वचनीय’ म्हणून थांबतो तसाच.

डेडेकिंड आणि कँटर यांनी काय केले? अडचण त्यांनी सोडवली नाही. ती त्यांनी व्याख्या म्हणून स्वीकारली. जो समूह आपल्याच एखाद्या अंशाशी एकास-एक जुळतो तो अनंत, असे डेडेकिंडने १८८८ साली लिहिले. व्याकरणातला नकार येथे प्रथमच होकारार्थी झाला : अनंताला काय नाही हे न सांगता त्याला काय करता येते हे सांगितले गेले. याची किंमत होती. ‘अंश पूर्णापेक्षा लहान असतो’ हे युक्लिडपासूनचे तत्त्व अनंताच्या बाबतीत सोडून द्यावे लागले. आपल्या सहजबुद्धीत ‘तितकेच’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र नांदतात : एक, जोडी लावता येणे, दुसरा, काही शिल्लक न उरणे. सांत वस्तूंच्या बाबतीत ते कधी वेगळे होत नाहीत. अनंतापाशी ते फुटतात आणि एक निवडावा लागतो. ही शोध लावण्याइतकीच अर्थनिश्चितीची कृती आहे, आणि शब्दांच्या अभ्यासकाने तिच्याकडे अधिक आदराने पाहायला हवे.

निवड झाल्यावर संकल्पनेने आपले बळ दाखवले. समसंख्या सर्व संख्यांइतक्याच आहेत. अपूर्णांक, जे कोणत्याही दोहोंच्या मध्येही अगणित दाटलेले असतात, तेही तितकेच आहेत, त्यांचीही क्रमवार यादी करता येते. यावरून वाटेल की सारी अनंते सारखीच. १८७४ साली कँटरने दाखवले की तसे नाही : रेषेवरील बिंदूंची यादी होऊच शकत नाही. १८९१ मध्ये त्याने दिलेली दुसरी सिद्धता कर्णाच्या युक्तीची आहे. तिला गणिती शिक्षण लागत नाही. एक हजेरीपट कल्पावा. त्यात विद्यार्थी न संपणारे, दिवसही न संपणारे; प्रत्येक चौकटीत हजर किंवा गैरहजर. कोणी दावा केला की हजेरीचा कल्पिता येईल तो प्रत्येक क्रम या पटात कोठेतरी आहेच. मग आपण एक नवा क्रम लिहावा : पहिल्या विद्यार्थ्याची पहिल्या दिवसाची नोंद असेल तिच्या उलट पहिली नोंद, दुसऱ्याची दुसऱ्या दिवसाची असेल तिच्या उलट दुसरी, आणि असेच पुढे. हा क्रम पटातील कोणाचाही असू शकत नाही, कारण प्रत्येकापासून तो निदान एका दिवशी वेगळा आहे. पट कितीही चतुराईने भरला तरी हेच होईल. (कँटरने मुळात दोन अक्षरे घेतली होती; हजेरीपट हा माझ्या व्यवसायाचा दोष.)

हा नकार आहे. अनंत यादीसुद्धा अपुरी पडते असे येथे अनंत स्वतः सांगते आणि कोणाच्याही मर्जीने ते बदलत नाही. कँटरच्या मर्जीनेही नाही. रेषेवर जितके बिंदू आहेत तितकेच संपूर्ण चौरसात आहेत हे सिद्ध झाल्यावर १८७७ साली त्याने डेडेकिंडला कळवले की आपल्याला हे दिसते आहे, पण त्यावर आपला विश्वास बसत नाही. स्वतःच्या रूपकाने असा चकित झालेला कवी मला माहीत नाही. आपल्याच पात्राने चकित झालेले कादंबरीकार ऐकिवात आहेत, परंतु त्यांनाही ते पान फाडता येते.

समसंख्यांकडे पुन्हा वळतो, कारण माझ्या विद्यार्थ्याचे अर्धे उत्तर तेथे आहे. समसंख्या अनंत आहेत. तरीही त्यांत सात नाही, नऊ नाही, एकही विषम संख्या नाही. शेवट नसणे ही एक गोष्ट आणि काहीही चालणे ही सर्वस्वी दुसरी. कवितेचे अर्थ अनंत आहेत असे मान्य केले तरी अमुक एक अर्थ त्यांत आहे असे त्यावरून निष्पन्न होत नाही. एवढी साधी गोष्ट आपण एका संपूर्ण वैचारिक कालखंडात नजरेआड केली. ‘अर्थाला शेवट नाही’ या विधानाची जागा ‘सर्व अर्थ ग्राह्य’ या विधानाने केव्हा घेतली हे आपल्याला समजलेही नाही. मूळ फ्रेंच विचारवंतांनी असा दावा केला होता असे मी म्हणत नाही. आपल्या वर्गांतून मात्र तो होत आला आहे, आणि त्यात मीही आहे.

गणितात ‘सर्व’ या शब्दाचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. कोणत्याही संचापेक्षा त्याच्या उपसंचांचा संच मोठा असतो हे कँटरच्या युक्तिवादानेच सिद्ध होते. मग ‘सर्व वस्तूंचा संच’ घेतला तर त्याहूनही मोठा संच असायला हवा, म्हणजे तो सर्वांचा नव्हताच. १८९९ साली डेडेकिंडला लिहिलेल्या पत्रात कँटरने अशा समूहांना विसंगत समूह म्हटले. थोड्याच काळाने रसेलने हीच अडचण अधिक उघडी करून मांडली. प्रचलित संचसिद्धांतात अनंताला जागा आहे, सर्वाला नाही. स्वतः कँटर श्रद्धावान होता. गणिताच्या पलीकडचे निरपेक्ष अनंत त्याने ईश्वरासाठी राखून ठेवले होते. त्याची श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते : कशाला हात लावता येत नाही हे या शास्त्राने स्वतःच्या साधनांनी शोधून काढले.

आक्षेप अर्थातच आहेत आणि ते सामान्य नाहीत. ब्राउवरचे म्हणणे असे की ‘एक तर हे खरे किंवा ते’ हा तर्काचा नियम आपण सांत समूहांवरून शिकलो. तो अनंतावर लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पायच्या दशांश विस्तारात 0 ते ९ हे अंक ओळीने येतात की नाही, हे त्याचे आवडते उदाहरण होते. १९९७ साली संगणकाच्या साहाय्याने काढलेल्या अंकांमध्ये ही मालिका सापडली. आक्षेप त्यामुळे संपत नाही, अधिक लांब मालिका घेतली की तो पुन्हा उभा राहतो. विटगेनस्टाइनने वेगळ्या दिशेने हल्ला केला : अनंत हा नियमाचा गुण आहे, यादीचा नव्हे. ‘पुढे असेच चालू ठेव’ या नियमाला शेवट नसतो. त्यावरून कोठेतरी एक शेवट नसलेली यादी लिहून तयार आहे असे समजणे हा भाषेने केलेला चकवा आहे.

या आक्षेपांना हिल्बर्टने १९२५ साली म्युन्स्टर येथील व्याख्यानात उत्तर दिले. सृष्टीत अनंत कोठेही सापडत नाही, हे त्याने सरळच मान्य केले. त्याचा आग्रह एवढाच की सांत विधानांची व्यवस्था पूर्ण करण्यासाठी अनंत हा आदर्श घटक म्हणून घ्यावा आणि त्यामुळे विसंगती येत नाही हे सांत साधनांनी सिद्ध करावे. १९३१ मध्ये ग्योडेलने दाखवले की अशी सिद्धता त्या स्वरूपात मिळणार नाही. तरीही हिल्बर्टच्या भूमिकेतील एक भाग मला अबाधित वाटतो. अनंताविषयीची प्रत्येक सिद्धता सांत असते. ती मोजक्या ओळींत संपते, तपासता येते, चुकली तर दाखवून देता येते. चौदा गाठी म्हणालो त्या याच. गणित अनंताला मुठीत धरत नाही. त्याविषयीच्या विधानांना धरते. ब्राउवर आणि विटगेनस्टाइन यांनी पहिली गोष्ट अशक्य ठरवली आणि ते योग्यच केले. दुसरीला त्याने बाधा येते असे मला दिसत नाही.

खरी अस्वस्थ करणारी गोष्ट स्कोलेमने १९२२ साली पुढे आणली. संचसिद्धांताची गृहीतके सुसंगत असतील तर त्यांचे पालन करणारे एक असे विश्व कल्पिता येते की ज्यात एकंदर वस्तू यादी करता येण्याजोग्याच आहेत. आणि तरीही त्या विश्वाच्या आतून बोलताना ‘अमुक समूहाची यादी करता येत नाही’ हे विधान खरेच असते, कारण ती यादी त्या विश्वात नसते. म्हणजे ‘अगणनीय’ या शब्दाचा अर्थ गृहीतकांनी पुरता बांधला जात नाही. चिन्हमीमांसेशी परिचित वाचकाला यात ओळखीचा सूर ऐकू येईल. त्यावरून गणितही शेवटी निसटत्या चिन्हांचाच खेळ आहे असा आनंद मानण्याची घाई मात्र करू नये. शब्दाचा अर्थ किती निसटतो, हे येथे सिद्धतेने मोजलेले आहे.

सार्थतेचा कस लागतो तो एका अनुत्तरित प्रश्नापाशी. नैसर्गिक संख्यांचे अनंत लहान, रेषेवरील बिंदूंचे मोठे; या दोहोंच्या मधल्या आकाराचे एखादे अनंत आहे काय? नाही, असे कँटरचे अनुमान होते. हिल्बर्टने १९०० साली मांडलेल्या प्रश्नांत हा पहिला. ग्योडेलने १९४० च्या ग्रंथात दाखवले की प्रचलित गृहीतकांवरून हे अनुमान खोडता येत नाही. पॉल कोहेनने १९६३ मध्ये दाखवले की ते सिद्धही करता येत नाही. मग या प्रश्नाला उत्तर आहे की नाही?

येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक जुना वाद आठवतो. ‘लेडी मॅकबेथला मुले किती?’ या शीर्षकाचा निबंध एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लिहिला तो अशा प्रश्नांची थट्टा करण्यासाठी. नाटकात तिने आपण मूल पाजल्याचा उल्लेख केला आहे, संख्या सांगितलेली नाही. नाटकाबाहेर लेडी मॅकबेथ नाही, म्हणून प्रश्नाला उत्तरच नाही. संचांचे विश्व हे गृहीतकांनी रचलेले कथाविश्व असेल तर कँटरचा प्रश्नही याच जातीचा ठरतो. परंतु आपल्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारचीही रिक्त जागा असते. पोथीचे एखादे पान गहाळ असते. त्यावर काय होते हे आज सांगता येत नाही, तरी काहीतरी निश्चित लिहिलेले होते. लीळाचरित्राच्या पाठांचा विचार करणारा संपादक या श्रद्धेवरच काम करतो. ग्योडेलच्या दृष्टीने कँटरच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे असे गहाळ पान होते. नवी, अधिक समर्थ गृहीतके मिळाली की ते वाचता येईल असे त्याने १९४७ च्या निबंधात प्रतिपादले. इतरांच्या मते ते पान लिहिलेच गेले नव्हते.

माझा कल कोणीकडे? मी मधे अडकलो आहे. लेडी मॅकबेथच्या मुलांविषयी नवा पुरावा येण्याची कोणी वाट पाहत नाही. कँटरच्या प्रश्नासाठी मात्र जाणते लोक आजही नवी गृहीतके सुचवतात, त्यांचे परिणाम तपासतात, आपले मत बदलतात. एवढे खरे की आपण नेमके काय लिहिले आणि काय लिहिले नाही, याची अशी सिद्धता आजवर कोणत्याही कथाविश्वाने दिलेली नाही. निरर्थक खेळाला आपल्या मौनाची सीमारेषा आखता येत नाही.

साहित्यसिद्धांताने या प्रांतात यापूर्वी पाऊल टाकले होते आणि ते अंगलट आले. जूलिया क्रिस्तेव्हा यांनी १९६० च्या दशकातील लेखांत काव्यभाषेला कँटरच्या मोठ्या अनंताचे, म्हणजे रेषेवरील बिंदूंच्या अनंताचे, सामर्थ्य बहाल केले. १९९७ मध्ये ॲलन सोकल आणि जाँ ब्रिकमाँ यांनी या गणिती परिभाषेचा कडक समाचार घेतला. सोकल यांच्या लेखनातला जेत्याचा सूर मला रुचत नाही. तरी एक साधी गोष्ट नाकारता येणार नाही. वर्णमालेतील अक्षरे मोजकी. त्यांतून होणारी प्रत्येक मजकुराची लांबी सांत. मग असे सारे मजकूर लांबीनुसार आणि अकारविल्हे लावून त्यांची यादी करता येते. मराठीत लिहिल्या गेलेल्या आणि कधीही लिहिल्या जातील त्या सर्व कविता, सर्व भाष्ये, ही सर्व टिपणे त्या यादीत आहेत. लहान अनंतच ते. शब्दांत मांडता येणाऱ्या अर्थांचे अनंत याहून मोठे असू शकत नाही. उलट कोणत्याही एका ठरावीक भाषेत रेषेवरील बहुतेक बिंदूंना नावच देता येत नाही, कारण नावे यादीत मावतात आणि बिंदू मावत नाहीत. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त शब्दखंडनाला स्वतंत्र प्रकरण दिले ते अगदी वेगळ्या अर्थाने, वेगळ्या प्रयोजनाने; त्याची सांगड मी येथे घालणार नाही. तरी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे. कर्णाची युक्ती अर्थनिर्णयनाला लावून पाहिली. कवितेच्या आजवरच्या वाचनांची यादी करावी आणि प्रत्येकापासून कोठेतरी वेगळे पडेल असे नवे वाचन रचावे. रचता येते, आपल्या व्यवसायातले कित्येक प्रबंध असेच रचले जातात. परंतु हजेरीपटात नवा क्रम हा हजेरीचा क्रम असतोच, कारण हजर-गैरहजर यांची कोणतीही मालिका तेथे ग्राह्य आहे. क्रम असण्यासाठी त्याला दुसरी कोणतीच अट पुरी करावी लागत नाही. वाचनाचे तसे नाही. सर्व वाचनांहून वेगळे असणे आणि त्या कवितेचे वाचन असणे या दोन अटी आहेत, आणि पहिली पुरी केल्याने दुसरी आपोआप पुरी होत नाही. कवितेचा अर्थ कधी संपणार नाही हे मानूनही प्रत्येक नव्या अर्थाला दुसऱ्या अटीचा पुरावा स्वतंत्रपणे आणावा लागतो, तोही ओळीगणिक.

त्या मुलाने आपला अर्थ वर्गातील साऱ्यांहून वेगळा आहे हे दाखवले होते. तो त्या कवितेचा आहे हे दाखवले नव्हते. पण तो त्या कवितेचा का नाही हे मीही दाखवले नव्हते. उत्तरपत्रिकेच्या समासात मी फक्त एक फुली मारली होती.